वीतभर फट

१

१२ मार्च २०२४, मंगळवार. सकाळचे सहा वाजून पन्नास मिनिटे. तासगावच्या पूर्वेला, माळेवाडीच्या शिवारातील एका बेदाणा शेडमध्ये भरलेले क्रेट तीन, एका अंगाला कोसळलेली रॅक एक, आणि तिच्या पायथ्याशी बेशुद्ध पडलेला माणूस एक.

शेड निवृत्त सुभेदार नाथाजी खराडे यांचे. माणूस प्रथम दिसला तो त्यांच्या पुतण्याला, यशराजला. त्याने कुणाला हाक मारण्याआधी खिशातून मोबाइल काढला. "घावला! बेदाणा चोर घावला! बघा रं, रात्रीत रॅकवर चढला आन् आपटला गडी!" हे त्याचे बोलणे चित्रफितीत स्पष्ट ऐकू येते. रुग्णवाहिकेला फोन त्यानंतर झाला. दुपारपर्यंत ती चित्रफीत एका स्थानिक बातम्यांच्या पानावर अकरा हजार लोकांनी पाहिली होती.

जखमीचे नाव तारिक शिकलगार, वय चोवीस, टेम्पोचालक. एस.टी. महामंडळात चालक म्हणून त्याची निवड झाली होती. सगळे टप्पे पार पडले होते. राहिली होती ती पोलिसांकडील चारित्र्य पडताळणी. त्या सकाळी त्याच्या नावावर चोरीच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला आणि सांगलीच्या रुग्णालयात त्याच्या खाटेशेजारी पहाऱ्यासाठी एक शिपाई बसला.

माळेवाडी पोलीस दूरक्षेत्राचे, म्हणजे गावच्या चौकीचे, हवालदार जयराज पाटोळे यांचा जबाब थोडक्यात असा होता. पहाटे ते एकटे गस्तीवर होते. शेडच्या रस्त्यावर एक संशयित इसम दिसला. थांबण्यास सांगताच तो शेडच्या दिशेने पळाला व अंधारात दिसेनासा झाला. शोध घेऊनही तो मिळून आला नाही. आपण शेडमध्ये पाय ठेवलेला नाही. पुढे माल चोरताना इसम रॅकवरून पडला असावा.

तारिकच्या मावशीची तक्रार त्याहून थोडक्यात होती. "पोराला पोलिसानं मारलं."

पोलिसावरील आरोपाची चौकशी त्याच जिल्ह्याच्या पोलिसांनी करू नये, म्हणून परिक्षेत्र कार्यालयाने साताऱ्याहून एक अधिकारी पाठवला. निरीक्षक जीनत मुलाणी. मूळ गाव फलटण, नोकरीची पहिली वर्षे मेढ्याच्या डोंगरात. निवड सेवाज्येष्ठता पाहून झाली की नाव पाहून, हे तिला कुणी सांगितले नाही आणि तिनेही विचारले नाही.

ती दूरक्षेत्राच्या दारात उतरली तेव्हा आतले बोलणे एकदम थांबले.

२

"चहा सांगू का, मॅडम?" हवालदार जयराज पाटोळे यांनी खुर्ची पुसत विचारले. वय पंचेचाळीसच्या आसपास. डोळे जागरणाने ओढलेले, पण गणवेश स्वच्छ.

"रोजा आहे माझा."

"व्हय की! इसरलोच." त्यांनी टेबलाचा खण उघडून कागदाची एक पुडी काढली. "मग हे राहू द्या. घरचा बेदाणा हाय. तळ्याच्या वाडीला अर्धा एकर बाग हाय आमची. आई एकलीच बघती. दर साली साऱ्या ठाण्याला मीच पुरवतो. सांजंला उपास सोडताना खावा."

जीनतने पुडी घेतली. नाकारण्यासारखे तिच्यात काही नव्हते.

"तो इसम शेडच्या दिशेने गेला असं तुम्ही म्हणता. मग शेडमध्ये का पाहिलं नाही?"

"तिथं बिराप्पा झोपतो की, नाथाजींचा गडी. खुट्ट वाजलं तरी उठतो. तो जतंकडं जत्रंला गेलाय हे मला काय ठावं?"

"नाव विचारलंत त्याला?"

"पळालाच की तो. नाव कवा विचारणार?"

"पळण्याचं कारण?"

"पोलिसाला बघून पळतो तो कोण असतो, मॅडम? आन् त्या येळंला त्या रस्त्याला काम तरी काय माणसाचं? शेडं हायत निस्ती. गेल्या महिन्यात दोन चोऱ्या झाल्यात. वरनं रोज शिव्या मीच खातो." जरा थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "एक बोलू? राग मानू नगा. प्रकरण तुमच्यातलं म्हणून तुमाला धाडलंय, हे समद्यांना ठावं हाय."

"माझ्यातलं म्हणजे पोलिसांतलं ना, हवालदार?"

जयराज यांनी खण लावून घेतला. कोपऱ्यातला शिपाई खिडकीबाहेर पाहू लागला.

सूर्य मावळल्यावर विश्रामगृहाच्या खोलीत जीनतने एकटीने रोजा सोडला. खानसामा पाणी ठेवून, थांबण्याचे काही कारण नसल्यासारखा निघून गेला होता. पुडीतला बेदाणा उत्तम होता. दाणा सुटा, कोरडा, एकसारख्या रंगाचा. ज्याने तो वाळवला त्याला ओल म्हणजे काय ते नीट ठाऊक होते.

३

रुग्णालयातील खाटेवर तारिकचे डोके पट्ट्यांत गुंडाळलेले होते. जखम डोक्याच्या मागच्या बाजूला होती. डाव्या दंडावर एक आडवा निळा वळ होता. डॉक्टरांच्या मते तो पडल्याने आला असता किंवा काठीने. खात्रीने सांगता येणार नव्हते.

"काय आठवतं?"

"टॉर्च. तोंडावरच मारली हुती. माणूस दिसला न्हाई. म्हनला, नाव काय तुझं? मी सांगितलं." तारिकने ओठ ओले केले. "फुडचं न्हाई आठवत."

"त्याआधी तुम्ही पळालात?"

"हातात डबा हुता, मॅडम. दूध हुतं त्यात. पळलो असतो तर सांडलं असतं."

पंचनाम्यात डब्याचा उल्लेख नव्हता.

दारातल्या शिपायाकडे पाहत तारिकने हळूच विचारले, "एस.टी.ची पडताळणी महिनाअखेर हाय. त्यात ह्ये येनार का?"

"गुन्हा राहिला तर येईल."

खोटा धीर द्यायची तिला सवय नव्हती. तारिकने मान भिंतीकडे वळवली.

त्याची मावशी शाहजादी माळेवाडीपासून दूर, शेडांच्या पलीकडच्या वस्तीवर एकटी राहत होती. आईवेगळ्या तारिकला तिनेच वाढवले. तिने जीनतला उंबऱ्याबाहेर उभे ठेवून नीट न्याहाळले.

"मुलाणी म्हनं. आपली म्हणून आलीस, का त्यांची म्हणून?"

"चौकशीसाठी आले आहे, खाला."

"म्हंजे कुनाचीच न्हाईस." म्हातारी जरा बाजूला सरकली. "ये आत. बस."

घरात एक खाट, एक चूल आणि फळीवर उपडी घातलेली चार भांडी. शाहजादी जमिनीवर बसली आणि खाटेकडे बोट दाखवून तिने जीनतला वर बसवले.

"पयला रोजा हुता. मला आता पहाटं चुलीम्होरं दिसत न्हाई. पोरगं म्हनलं, खाला, तू जाळ करू नगंस, सहरीला मी डबा घिऊन येतो. आमच्या गल्लीत समद्यांना ठावं हाय, दर साली येतो त्यो. गावातनं हितवर यायचं तर शेडावरनंच रस्ता हाय. दुसरी वाट कुटं हाय?"

पहाटे त्या रस्त्यावर तारिकचे काय काम होते, हा प्रश्न सगळ्या गावाने आपापसात विचारला होता. शिकलगारांच्या गल्लीत जाऊन मात्र तो कुणीच विचारला नव्हता. तिथे शेंबड्या पोरानेही उत्तर दिले असते : सहरी, म्हणजे रोजा धरण्यापूर्वीचे पहाटेचे जेवण, तो मावशीला पोचवतो.

"मग तुम्ही वाट पाहिली?"

"बघत बसले की. अजान झाली. मग काय, बिनखाताच रोजा धरला. मनात म्हनलं, झोप लागली असंल लेकराला." ती थांबली. "रागावले बी हुते त्याच्यावर."

"डबा कसा होता?"

"इस्टीलचा. तीन ताळी. माझ्या निकाहातला हाय, आता त्याच्याकडंच असतो. झाकणावर माझं नाव घातलंय."

चोरी करायला निघालेला माणूस हातात दुधाचा डबा घेत नाही. परंतु तो डबा होता, हे सांगणारी दोनच माणसे. त्यांतले एक आरोपी, दुसरे आरोपीची मावशी. रस्त्याच्या कडेला, रस्त्याखालच्या मोरीच्या पाण्यात, शेडच्या आसपास जीनतने स्वतः शोधले. मोरीचा कठडा दगडी होता. त्यावर काही डाग असलाच तर त्या पहाटे पडलेल्या पावसाच्या भुरभुरीने धुऊन नेला होता. डबा कुठेच नव्हता.

४

विश्रामगृहात तिने यशराजची चित्रफीत पुन्हा लावली. आरोपीच्या चेहऱ्याकडे सगळ्यांनी पाहिले होते. तिने या वेळी त्याच्याकडे पाहायचे नाही असे ठरवले.

कॅमेरा क्रेटवरून रॅककडे जातो, तिथून तारिककडे, आणि मग क्षणभर मागच्या पडद्यावर थांबतो. शेडच्या पश्चिम अंगाचा हिरवा पडदा सोडलेला आहे. त्याच्या खालच्या काठाशी उजेडाची पट्टी आहे. त्या पट्टीतून शेळीचे चार पाय चालत जातात.

तिने चित्र गोठवले. पूर्वेकडचा, म्हणजे रस्त्याकडचा पडदा गुंडाळून वर बांधलेला होता.

दुसऱ्या दिवशी ती नाथाजींच्या ओसरीवर होती. सुभेदार ताठ बसले होते. भिंतीवर पदकांची चौकट होती, आणि घरात दुसऱ्या माणसाची चाहूल नव्हती.

"शेडचे पडदे तुम्ही कसे बांधता?"

"जमिनीला कड्या ठोकल्यात मी. मिल्ट्रीचं काम हाय ते. पडदा सोडला की काठ कडीला. शेळी सोडा, उंदीर जायचा न्हाई आत."

तिने मोबाइल पुढे केला. नाथाजींनी चष्मा लावला, काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"हे काय? शेळीचं पाय दिसत्यात?"

"तुम्ही सोडलात का पडदा?"

"मी त्या दिशी गेलोच न्हाई शेडावर. गुडघा धरलाय. यशानं सोडला असंल. कडीला लावायचा कटाळा, दुसरं काय!"

"विचारलंत त्याला?"

नाथाजी अंगणाकडे पाहू लागले. "दिवाळीपास्नं बोलत न्हाई आमी. बांधावरनं झालंय."

यशराज शेजारच्याच घरात सापडला. चित्रफितीतला त्याचा आवाज आता बराच खाली आला होता.

"खरं सांगू का, मॅडम? बिराप्पा दुपारीच गेला. पडदं सोडायचं काम माझ्याकडं हुतं. मी तासगावात दोस्ताकडं अडकलो आन् इसरलो. पहाटं थेंब वाजलं पत्र्यावर, तवा काळीज लक्कन हाललं. म्हनलं, गेला माल! पण सकाळी बघतो तर पश्चिमेचा, वाऱ्याकडचा पडदा खाली. मला वाटलं, म्हातारं आलं असंल शिव्या घालत."

"तुम्ही काकांना विचारलं नाही?"

"त्यांच्याशी बोलनं न्हाई आमचं."

दोन घरांमध्ये फक्त एक कुंपण होते. जो प्रश्न त्या कुंपणावरून विचारून मिटला असता, तो विचारायला साताऱ्याहून माणूस यावा लागला होता.

बिराप्पाची खात्री तिने आधीच करून घेतली होती. त्या रात्री तो जतकडच्या जत्रेत पालखीला खांदा देत होता, आणि तिथल्या अर्ध्या गावाने त्याला पाहिले होते. शिवाय त्याच्या हाताला कडीची सवय होती. म्हणजे पडदा सोडणारा माणूस नाथाजी नव्हता, यशराज नव्हता, बिराप्पाही नव्हता.

ती पुन्हा नाथाजींकडे गेली. गोठवलेले चित्र तिने मोठे केले. "पडद्याचा हा काठ पाहा. जाड दिसतो, आणि मध्ये मध्ये गाठीसारखं काही आहे."

म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिले. "धोंडं हायत ते. काठात गुंडाळल्यात. आन् वीतभर फट ठेवलीय खाली." त्यांनी चष्मा काढला. "असं आमच्या भागात कोण करत न्हाई. तळ्याकाठची मानसं करत्यात. तिथं हवा दमट. पडदा पार बंद केला की आत घाम धरतो, दाणा चिकाट होतो. म्हणून फट ठिवायची, आन् पडदा वाऱ्यानं उडू नये म्हणून काठात धोंडा."

जीनतने मोबाइल बंद केला. बेदाण्याची रिकामी पुडी अजून तिच्या पर्समध्ये होती.

५

तळ्याच्या वाडीला ती पोचली तेव्हा ऊन उतरले होते. जयराज हवालदारांच्या घराला लागूनच लहानसे शेड होते. रंगूबाई, वय सत्तरीच्या पुढे, पदर कमरेला खोचून जाळीवरचा बेदाणा हाताने परतत होत्या. घरात आणखी कुणी नव्हते.

"मी पोलीस आहे, आई. निरीक्षक मुलाणी."

"माझ्या जयराजच्या हापिसातली व्हय? ये, बाई. बरं झालं आलीस. दिसभर बोलाया मानूस न्हाई मला. सून पोरांच्या साळंपाई सांगलीला ऱ्हाती, आन् ह्यो ड्युटीवर." त्यांनी आभाळाकडे पाहिले. "जरा थांब हां, पडदं सोडते आन् मग बसू."

वाऱ्याकडचा पडदा त्यांनी आधी सोडला. पायाजवळच्या ढिगातून मुठीएवढे धोंडे उचलून ते एकेक करून काठात गुंडाळले. पडदा ताणून लोंबू लागला. त्याखाली वीतभर उजेड राहिला.

"हे असंच करतात का इथे?"

"आमच्या वाडीत समदीच. जयराजला बापानं शिकवलंय. दहा वर्साचं हुतं पोरगं तवापास्नं करतंय. अजून बी सुटीवर आला की आधी पडदं बघतो, मग आईला." त्या हसल्या. "पानी देऊ?"

"सूर्य बुडाल्यावर घेईन. रोजा आहे."

"आगं बया, मंग तशी नगं जाऊस."

सूर्य तळ्यात उतरेपर्यंत दोघी पायरीवर बसून राहिल्या. मग रंगूबाईंनी तांब्या आणि ओंजळभर बेदाणा आणून तिच्यापुढे ठेवला. माळेवाडीत आल्यापासून रोजा सोडताना जीनतच्या शेजारी माणूस असण्याची ही पहिली वेळ होती.

"तुझ्या गावाकडं जातीस का गं माळेवाडीवरनं?" रंगूबाई आतून एक डबा घेऊन आल्या. "कुनाचा तरी ऱ्हायलाय. मंगळवारी सकाळी जयराज घिऊन आला. म्हनला, रस्त्यात घावला, द्यायचा हाय नेऊन. निम्मं दूध सांडलं हुतं. मी घासून ठिवलाय. लोकाचं भांडं, टाकवतं व्हय आपल्याला?"

डबा स्टीलचा होता, तीन ताळ्यांचा. एका बाजूला पोचा होता.

"झाकणावर नाव हाय, पर मला वाचाया येत न्हाई. कुनाचं हाय?"

जीनतने झाकण उजेडाकडे धरले.

"शाहजादी."

"आता बया! राजाच्या लेकीवानी नाव." रंगूबाई कौतुकाने म्हणाल्या. "वाट बघत असंल की बिचारी. तूच पोचीव."

हो म्हणून निघून जाणे सोपे होते. जीनत उठली नाही.

"आई, हा डबा मला पुरावा म्हणून न्यावा लागेल. मी तुमच्या मुलाचीच चौकशी करायला आले आहे."

रंगूबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग डब्याकडे, मग पडद्याकडे. त्यांना किती समजले हे सांगणे अवघड होते. दिवा लावायची वेळ झाली होती, आणि त्यांनी लावला नाही.

"तरीच," त्या म्हणाल्या. "मंगळवारपास्नं पोरगं जेवलं न्हाई. मला वाटलं, अंगात कसर हाय."

६

दूरक्षेत्राच्या टेबलाच्या एका बाजूला उपअधीक्षक बसले होते. दुसऱ्या बाजूला हवालदार जयराज पाटोळे उभे होते. जीनतने आपले म्हणणे क्रमाने मांडले.

"त्या संध्याकाळी शेडचे पडदे वर होते. सोडायचं काम ज्याचं होतं, तो विसरला. पहाटे थेंब आले. सकाळी पश्चिमेचा पडदा खाली होता. म्हणजे मधल्या वेळात कुणीतरी शेडमध्ये आलं आणि त्याने माल भिजू नये म्हणून पडदा सोडला."

"चोरानं सोडला असंल, मॅडम. आडोशाला," जयराज म्हणाले.

"आडोसा करणाऱ्याने रस्त्याकडचा सोडला असता. तो पूर्वेला आहे, आणि तो वरच होता. सोडला तो वाऱ्याकडचा. ज्याला बेदाण्याची काळजी आहे तोच आधी त्या बाजूला जातो. तारिक आणि त्याची मावशी, दोघांनी उभ्या जन्मात शेडमध्ये काम केलेलं नाही. आणि नाथाजींच्या शेडला कड्या आहेत. सोडणाऱ्याने त्या वापरल्या नाहीत. अंधारात त्याला त्या दिसल्याही नसतील. त्याने आपल्या हाताला ठाऊक होतं ते केलं. काठात धोंडे, खाली वीतभर फट."

"तळ्याकाठी धा गावं हायत. मी एकटाच हाय का तिथला?"

"नाही. एवढ्यावर मी तुमचं नाव घेतलंही नसतं."

तिने पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. झाकण हवालदारांच्या बाजूला वळवले.

जयराज यांनी त्याच्याकडे पाहिले आणि ते खाली बसले. बसायला कुणी सांगितले नव्हते.

"आईनं दिला?"

"घासून ठेवला होता."

बाहेर ट्रॅक्टर गेला. उपअधीक्षकांनी कोरा कागद पुढे ओढला.

"मारायचं मनात नव्हतं," जयराज म्हणाले. "दोन चोऱ्या, साऱ्यांची बोलणी, महिनाभर झोप न्हाई. मोरीपाशी हा दिसला. टॉर्च मारली. नाव इचारलं. त्यानं सांगितलं. मी म्हनलं, डब्यात काय हाय, दाखव. म्हनला, खालाची सहरी हाय, सांडंल. मला वाटलं, उलट बोलतोय. काठी बसली दंडावर. तोल गेला त्याचा, डोकं कठड्यावर आपटलं. हालंना. मला वाटलं, संपला. वढत शेडात नेला. क्रेट मांडलं, रॅक पाडली."

"आणि पडदा?"

"निघालो, तवर थेंब आलं." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिले. "ते मी केलं, हे मला तुमी आता सांगितलं तवा कळलं."

"डबा का नेलात?"

"नाव हुतं त्याच्यावर. आन् टाकवंना. दूध हुतं त्यात."

उपअधीक्षकांनी लिहिणे थांबवले. जीनतला एकच प्रश्न विचारायचा होता. तो चौकशीच्या मुद्द्यांमध्ये नव्हता.

"त्याने दुसरं नाव सांगितलं असतं तर, हवालदार? माझ्या अहवालात हे येणार नाही. मला स्वतःला ऐकायचं आहे."

जयराज पाटोळे यांनी झाकणावरचे नाव पुन्हा वाचले.

"दुसरं नाव असतं," ते म्हणाले, "तर म्हनलो असतो, अंधाराचं फिरू नगंस, गड्या, जा घरला."

त्यांनी उघड्या जमिनीवर एक माणूस टाकून दिला होता आणि परक्याचा बेदाणा भिजू दिला नव्हता. जीनतने जबाबाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि सहीसाठी आपले पेन दिले.

ती बाहेर पडली तेव्हा शिपाई उभे राहिले, सलामही झाला. गाडीपर्यंत सोबत मात्र कुणी आले नाही.

डबा न्यायालयात जमा झाला, त्यामुळे शाहजादीकडे ती रिकाम्या हाताने गेली. म्हातारीने सगळे ऐकून घेतले. "त्याची बी आई हाय म्हन," एवढेच ती म्हणाली, आणि या वेळी तिने चुलीवर पाणी ठेवले. रोजा सुटायला तास असताना दोघी त्या पाण्याला उकळी येताना पाहत राहिल्या.

एस.टी.ने तारिकची जागा मुदत वाढवून राखून ठेवली. नाथाजी आणि यशराज यांनी पोलिसांपुढे जबाब दिले, तेही वेगवेगळ्या दिवशी. यशराजने आपली चित्रफीत काढून टाकली. इतरांनी ती पुढे पाठवली होती, तिथे ती तशीच राहिली. हवालदार पाटोळे यांच्यावर गुन्हा दाखल होऊन त्यांना निलंबित करण्यात आले. पुढच्या हंगामात तळ्याच्या वाडीच्या रस्त्याने जाताना जीनतने गाडी हळू करायला सांगितले. शेडवर रंगूबाई एकट्याच होत्या. वाकून धोंडे उचलत होत्या. गाडी थांबवावी असे तिला वाटले. मग रंगूबाईंनीच वर पाहिले, गाडीचा रंग ओळखला, आणि त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

तोपर्यंत न्यायालयाने तारिकवरील गुन्हा खोटा ठरवणारा अहवाल मान्य केला होता. त्याची चारित्र्य पडताळणी पूर्ण होऊन महामंडळाकडे गेली. त्यातील शेवटच्या रकान्यातील नोंद अशी : अर्जदाराविरुद्ध दाखल गुन्हे, शून्य.